कृष्णाकाठाने सायकल: वाई ते नरसोबाची वाडी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून सातारा, कराड, सांगलीकडे सायकलवर जायचं म्हटलं की नवीन माणूस सरळ हायवे धरतो, मीही पहिल्यांदा तेच केलं. दिवसभर कानाशी कंटेनरचे हॉर्न, डोळ्यांत धूळ, आणि संध्याकाळी कराडला टेकलो तेव्हा लक्षात आलं की आपण दिवसभर कृष्णेच्या खोऱ्यातून आलो पण नदी काही नीट दिसलीच नाही. माझं आजोळ कृष्णाकाठचं, सांगलीकडचं, त्यामुळे हे जरा जास्तच मनाला लागलं. पुढच्या हिवाळ्यात हायवे सोडून आतल्या रस्त्यांनी गेलो, तेव्हापासून चार वेळा हा मार्ग केलाय, कधी पूर्ण कधी तुकड्यातुकड्याने, आणि दरवेळी कुणीतरी नवीन मंडळी तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

हे लांब अंतर मारणाऱ्यांसाठी नाही. ज्याने आजवर ३०-४० किलोमीटरच्या वर सायकल चालवली नाही पण ज्याला शांत रस्त्याने, गावांतून, नदी बघत जायचंय त्याच्यासाठी आहे.

१. आधी नदी समजून घ्या, मग रस्ता

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोमवरून वाईला येते आणि मग खाली सातारा, कराड, सांगली करत कर्नाटकात जाते. वाटेत तिला एकेक नदी येऊन मिळते: माहुलीला वेण्णा, उंब्रजला तारळी, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. माझा सल्ला असा की किलोमीटर मोजू नका, संगम मोजा. म्हणजे सकाळी माहुली, संध्याकाळपर्यंत कराडचा प्रीतिसंगम, असं. बहुतेक संगमांवर घाट आहे, देऊळ आहे, सावली आहे, बसायला दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे विश्रांतीच्या जागा आपोआप ठरतात.

चढाची फार भीती बाळगू नका. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि सांगली साधारण ५५० वर, म्हणजे नदीबरोबर तुम्ही हळूहळू खालीच उतरत असता. पण सपाट आहे असंही समजू नका. दोन्ही बाजूच्या डोंगरांतून निघालेले ओढे नदीला मिळायला येतात आणि रस्ता प्रत्येक ओढ्यात उतरतो आणि परत चढतो. चढ छोटेच असतात, पण दिवसभरात असे पंचवीस-तीस झाले की मांड्या बोलायला लागतात. यावर एकच उपाय, ओढ्याच्या तळाशी पोचायच्या आधीच हलका गिअर टाकायचा. चढावर अडकल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते.

२. रस्ता कसा निवडायचा

मोबाईलच्या नकाशात चालण्याचा किंवा बाईकचा पर्याय टाकला की तो जवळचा म्हणून पाणंदीत घुसवतो. पाणंद म्हणजे शेतात जायची गाडीवाट, नदीजवळ ती काळ्या मातीची असते, आणि ओली असली की चाक आणि ब्रेकच्या मध्ये अशी माती भरते की चाक फिरतच नाही. मी एकदा काडीने माती उकरत अर्धा तास बसलोय. तेव्हा नदीला अगदी चिकटून जायचा हट्ट नको. काठापासून एक-दोन किलोमीटर आत गावं जोडणारा जो डांबरी रस्ता असतो तो आपला.

तो ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्ह्याचा रस्ता, आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा गावरस्ता. नारिंगी आणि काळा दिसला की खुशाल चालवा, हिरवा चालतो पण सकाळी लवकर, आणि पिवळा दिसला की पुढच्या फाट्याला बाहेर पडा.

आणखी एक, रात्रीच सगळा मार्ग मोबाईलमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या आणि गावांची नावं क्रमाने एका कागदावर लिहून खिशात ठेवा. कागद फार कामाला येतो, कारण रस्ता विचारताना "कराडला कसं जायचं" विचारलं की माणूस प्रेमाने तुम्हाला हायवेवरच पाठवतो, त्याच्या दृष्टीने तोच चांगला रस्ता. पुढच्या गावाचं नाव विचारा. "मसूरला आतनं कसं जायचं?" असं विचारलं की मग तो बरोबर आतला रस्ता सांगतो.

३. सायकल आणि सामान

महागडी सायकल नको. हायब्रीड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली) सगळ्यात बरी, एमटीबी म्हणजे डोंगरी सायकलही चालेल, फक्त टायर फार गुटगुटीत नसावेत. रोड बाईक असेल तर निदान २८ मिलिमीटरचा टायर टाका, ३२ असला तर उत्तम. साखर कारखान्यांकडे जाणारे रस्ते उसाच्या ओझ्याने उखडलेले असतात, तिथे बारीक टायर रिमपर्यंत आपटतो.

नवीन लोक हमखास फसतात ते व्हॉल्व्हमध्ये. चांगल्या सायकलींना बऱ्याचदा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला बसतच नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो पंपाबरोबर कायम ठेवा. आणि ७०० साइजची ट्यूब वाटेतल्या गावात मिळेल ही आशा सोडा, सातारा, कराड, सांगली या तीनच ठिकाणी बघायची.

सोबत एवढं घ्या:

- दोन नवीन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर लिव्हर
- हातपंप आणि वर सांगितलेला अडॅप्टर
- अ‍ॅलन की असलेला मल्टीटूल, चेनची एक जादा लिंक
- पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि दिवसासुद्धा चालू ठेवायचा
- हेल्मेट, रिफ्लेक्टर जाकीट
- दोन पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे
- सामान कॅरिअरवर, पाठीवर सॅक अजिबात नको, दुसऱ्या दिवशी खांदे आणि कंबर दोन्ही जातात

निघायच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या जुन्या सायकलवाल्याकडून दोन्ही चाकांचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या आणि ब्रेकचे ठोकळे बघून घ्या. पंक्चर काढायला घरी बसून एकदा तरी शिका.

४. कागदपत्रं

सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून लोक काहीच घेत नाहीत आणि मग लॉजवर किंवा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अडतात. आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स, सायकलच्या खरेदीचं बिल किंवा त्याचा फोटो, फ्रेमखाली कोरलेल्या नंबरचा फोटो, परतीचं रेल्वे तिकीट आणि त्याची झेरॉक्स, आणि एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर. चिठ्ठी पाकिटात नाही, हेल्मेटच्या आत चिकटवा.

५. कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं म्हणून लोक ऑगस्टमध्ये निघतात, पण सांगली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये काय पूर आला ते आम्ही बघितलंय, ब्रह्मनाळला त्या २०१९ च्या पुरात बोट उलटून माणसं गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट पाणी झालं की इशारा आणि ४५ फुटाला धोका, पण बंधारे आणि ओढ्यांवरचे छोटे पूल त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पाणी पुलावरून घोटाभर जरी वाहत असलं तरी सायकल घालायची नाही, मागे फिरायचं.

पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला वाडीत प्रचंड गर्दी असते, खोली मिळत नाही. पौष महिन्यात मांढरदेवीची यात्रा असते तेव्हा वाईच्या बाजूला आणि पालीच्या खंडोबाची यात्रा असते तेव्हा उंब्रजच्या बाजूला रस्ते भरलेले असतात. कॅलेंडर बघूनच तारखा ठरवा.

६. पहिला दिवस: वाई, धोम, लिंब, सातारा (साधारण ६० किलोमीटर)

आदल्या संध्याकाळी वाईला मुक्कामी या. सकाळी सहाला गणपती घाटावर जा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलं, त्याची नदीकडची मागची भिंत मुद्दाम माशाच्या आकाराची केलीय म्हणजे पुराचं पाणी दोन बाजूंना फाकावं. भिंतीला हात लावून बघा, या नदीची ताकद काय असते ते लोकांना तेव्हाही माहीत होतं.

तिथून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली चंद्रकोरीसारखा घाट, घाटावरच्या देवळाशी वसईच्या मोहिमेनंतर आणलेली चर्चची मोठी घंटा आहे. सकाळी सातच्या आत गेलात तर घाटावर कपडे धुणाऱ्या दोन-चार बायकांशिवाय कुणी नसतं. पुढे धोम. तिथल्या महादेवाच्या देवळात नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळासारख्या हौदात. धरण बघून त्याच रस्त्याने वाईला परत या, ही वीसेक किलोमीटरची फेरी झाली. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी एवढीच करावी, तीही पुरते. धरणाला पूर्ण वळसा घालायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका, चढ आहेत आणि दुकानं नाहीत.

वाईहून पाचवडला आलं की हायवे लागतोच. हा पूर्ण मार्गातला सगळ्यात नकोसा तुकडा, सर्व्हिस रोड असेल तिथे सर्व्हिस रोडने, नसेल तिथे कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या डावीकडून, एकामागे एक. लिंब फाट्याला आत वळलात की परत शांतता. लिंबजवळची बारा मोटांची विहीर चुकवू नका. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली ही अष्टकोनी विहीर आहे, पायऱ्या उतरून गेलात की आत चक्क एक छोटा महाल, खांबांवर कोरलेले हत्ती-वाघ, आणि भर दुपारी आत गार हवा. मी तिथे नेहमी अर्धा तास पडतो. पुढे गोवे गावाजवळ नदीपात्रातलं कोटेश्वराचं देऊळ आहे, तिथे सायकल ढकलत जावं लागतं पण जा.

मग वाढे फाट्याकडून साताऱ्यात. मुक्काम शहरात करा. लॉजवाल्याला फोनवरच विचारा की सायकल तळमजल्यावर आत ठेवू द्याल का, पार्किंगमध्ये रात्रभर ठेवायची नाही.

७. दुसरा दिवस: माहुली, रहिमतपूर, मसूर, कराड (साधारण ६५ किलोमीटर)

माझा सगळ्यात आवडता दिवस. साताऱ्यातून निघून पहिला थांबा संगम माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. वेण्णा इथे कृष्णेला मिळते, दोन्ही काठांवर काळ्या दगडाची देवळं, आणि सकाळी नदीवर धुकं असलं तर समोरचा काठ दिसतच नाही, फक्त घंटा ऐकू येते.

माहुलीवरून धामणेर, रहिमतपूर. इथून पुढे नदी तुमच्या उजव्या हाताला आणि पुणे-मिरज रेल्वे कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि हायवे पार लांब पलीकडच्या अंगाला राहतो. नवीन माणसाने याच मार्गाने का जावं याचं हे खरं कारण आहे. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, शिरवडे, कराड, मग शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, अशी स्टेशनं दर दहा-पंधरा किलोमीटरवर आहेत. पाय गेले, सायकल मोडली, तब्येत बिघडली तरी तुम्ही कुठे अडकून पडत नाही. डोंगरातल्या रस्त्याला ही सोय नसते.

रहिमतपूर ते मसूर रस्ता ओढ्यांचा आहे, वर सांगितलेला गिअर इथे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूला ऊस, आलं, हळद, मध्येच एखादी रसवंती. मसूर आणि जवळचं शहापूर, दोन्हीकडे समर्थ रामदासांनी स्थापलेले मारुती आहेत, अकरा मारुतींतले. हे दोन्ही याच बाजूला, उंब्रजचा नदीपलीकडे. अकराही मारुती सायकलवर करणारे लोक आहेत पण तो वेगळा विषय, चाफळकडे चढ आहे.

संध्याकाळी पाचच्या आत कराडला पोचा म्हणजे प्रीतिसंगम उजेडात बघता येतो. इथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र होऊन काटकोनात वळतात, दोन नद्या अशा येताना मी दुसरीकडे कुठे बघितल्या नाहीत. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. वाळूत बसून भेळ खायची, बास.

८. तिसरा दिवस: शेणोली, ताकारी, औदुंबर, सांगली (७५ ते ८० किलोमीटर)

सगळ्यात लांब दिवस, म्हणून साडेपाचला उठून सहाला चाकावर. कराडहून शेणोली. याच शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रजांची पगाराची रेल्वेगाडी अडवून लुटली. पुढे ताकारी, तिथून देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव आणि सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे पण त्या बाजूला चढ, दमला असाल तर सोडून द्या.

किर्लोस्करवाडीला मात्र दहा मिनिटं थांबा, सायकलवाल्यांनी तर नक्कीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून सुरुवात करून १९१० साली या माळावर कारखाना आणि गाव उभं केलं. त्या कारखान्याचं मूळ सायकलच्या दुकानात आहे हे मला फार वर्षांनी कळलं, तेव्हापासून तिथून जाताना वेगळंच वाटतं.

पुढे पलूस, भिलवडी, आणि मग औदुंबर. दत्ताचं देऊळ, मोठमोठी औदुंबराची झाडं, खाली घाट आणि नदीचा रुंद शांत डोह. दुपारचं ऊन इथे काढायचं. देवळाबाहेर छोट्या खानावळी आहेत, भाकरी, आमटी, आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी. ही वांगी या काठाचीच, चव पुण्यात मिळत नाही. पण पोटभर जेवून लगेच निघू नका, तासभर आडवे व्हा, तीन वाजता निघालात तरी सांगली उजेडात गाठता येते.

९. बंधाऱ्यावरून नदी ओलांडायची असेल तर

कधी कधी पलीकडच्या काठाचा रस्ता चांगला असतो आणि पूल लांब असतो, तेव्हा लोक कोल्हापुरी बंधाऱ्यावरून जातात. दगडी खांबांची रांग, त्यांच्या मध्ये बरगे (आडव्या फळ्या) टाकून पाणी अडवलेलं, आणि वर अरुंद स्लॅब. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. मी पहिल्यांदा असाच ऐटीत सायकलवर बसून निघालो, मध्यावर गेल्यावर समोरून चाऱ्याचा भारा घेऊन मोटरसायकलवाला आला. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला दहा-बारा फूट खाली दगड. मी सायकलसकट आडवा चिकटून उभा राहिलो आणि तो भारा माझ्या हेल्मेटला घासून गेला. पलीकडे एक म्हातारे आजोबा म्हशी धूत होते, ते म्हणाले, "पावणं, हितनं हातात धरून चालायचं असतंय. आन् आदी पलीकडं बगायचं, कोन यायलंय का."

तेच तुम्हाला सांगतो. आधी पलीकडे बघा, कुणी येत असेल तर थांबा, मग उतरून सायकल हातात धरून, स्वतः पाण्याच्या बाजूला नाही आणि काठाच्या कडेलाही नाही, अगदी मधून चाला. बुटाला क्लीट (पेडलला अडकवायची तळाची पट्टी) असतील तर बूट काढून चाला, स्लॅबवर शेवाळ असतं. पावसाळ्यात आणि अंधारात बंधारा विसरायचा.

१०. ऊस, कुत्री, काटे

जी हवा सायकलला चांगली तीच उसाच्या गळिताची वेळ. भुईंज, यशवंतनगर, रेठरे, कुंडल, शिरोळ, अशा कारखान्यांच्या आसपास ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, रांगच असते. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही आणि टेपच्या आवाजात घंटी ऐकू जात नाही. उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली असतात, म्हणून चिकटून ओव्हरटेक करू नका. पहिली ट्रॉली पार केली की समोर मोकळं आहे असं वाटतं आणि तिच्या पुढे दुसरी असते, मी नवीन लोकांना यात फसताना बघितलंय. सरळ थांबा, पाणी प्या, जाऊ द्या पुढे. आणि सूर्य मावळला की सायकल बंद, कारण विनारिफ्लेक्टर ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी असली तर दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही.

कुत्री मागे लागली तर पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा, मोठ्याने ओरडा, ती थांबतात. काट्यांचं म्हणाल तर वेडी बाभूळ सगळ्या रस्त्यांच्या कडेला आहे, त्यामुळे लघवीला किंवा फोटोला थांबताना सायकल गवतात घालू नका, डांबरावरच उभी करा. दर थांब्याला टायरवर हात फिरवून काटा काढला तर निम्मी पंक्चर टळतात.

उन्हाचं आणि पाण्याचं नवीन काय सांगायचं, तहान लागायच्या आधी प्या, दर दोन बाटल्यांमागे एक ओआरएस, आणि उसाचा रस बर्फाशिवाय घ्या.

११. चौथा दिवस: हरिपूर, वाडी (साधारण ३० किलोमीटर), जमलं तर खिद्रापूर

सांगलीहून हरिपूर चार किलोमीटर, वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. इथे पूर्वी हळद साठवायला जमिनीत पेवं असायची. तिथून मागे फिरून नरसोबाची वाडी, वीस-पंचवीस किलोमीटर. वाडीला पंचगंगा मिळते आणि पादुकांचं देऊळ अगदी पाण्याच्या काठाला आहे, पुरात ते पूर्ण बुडतं. दर्शन झालं की बासुंदी आणि कवठाची बर्फी. मी दरवेळी घाटाच्या पायरीवर सायकलचं पुढचं चाक पाण्याला लावतो, वाईला निघताना पण लावलेलं असतं.

अंगात दम असेल तर पुढे १७-१८ किलोमीटरवर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, स्वर्गमंडपाच्या छताला गोल मोकळी जागा ठेवलेली, खाली उभं राहून वर बघितलं की नुसतं आकाश. पण तेवढंच परत यायचं हे हिशेबात धरा.

१२. सायकल रेल्वेत कशी घालायची

वाडीहून शिरोळमार्गे जयसिंगपूर जवळ आहे, पण सायकल गाडीत चढवायची असेल तर मिरज जंक्शनला जा. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात ब्रेक व्हॅन (सामानाचा डबा) उघडून सायकल चढेलच असं नाही. माझं असं एकदा झालंय, पावती हातात, मी गाडीत, आणि सायकल फलाटावर. तिसऱ्या दिवशी मिळाली, आणि तोवर पेडल वाकलेलं होतं.

पद्धत अशी. गाडीच्या किमान दीड-दोन तास आधी पार्सल ऑफिसात जा. तिकीट दाखवून याच गाडीला लगेज म्हणून बुक करायचंय असं स्पष्ट सांगा, नुसतं पार्सल म्हणालात तर ती पुढच्या कुठल्याही गाडीने जाऊ शकते. फॉर्म भरा, आधार आणि तिकिटाची झेरॉक्स द्या, वजनावर पैसे भरा, पावती घ्या. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर मार्करने नाव, मोबाईल, कुठून कुठे आणि पावतीचा नंबर लिहून एक हँडलला, एक सीटखाली तारेने बांधा, सुतळी तुटते. दिवे, पंप, बाटल्या, मीटर, सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. पेडल काढता आली तर काढा, हँडल आडवं करा, मागच्या डिरेल्युअरवर (गिअर बदलणाऱ्या यंत्रावर) जुनं फडकं किंवा पुठ्ठा गुंडाळा, आणि चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणून ठेवा म्हणजे डिरेल्युअर आत राहतो.

गाडी आली की आपल्या डब्याकडे पळू नका. आधी ब्रेक व्हॅनपाशी उभे राहा, हमालाबरोबर सायकल आत गेलेली डोळ्यांनी बघा, ती इतर पोत्यांच्या खाली नाही वर ठेवा म्हणून सांगा, मगच डबा धरा. पुण्याला उतरल्यावर परत तसंच, आधी ब्रेक व्हॅन, पावती दाखवून सायकल ताब्यात, आणि स्टेशनच्या बाहेर पडायच्या आधी तिथेच फलाटावर दोन्ही चाकं फिरवून आणि ब्रेक दाबून बघा.